कुत्र्या-मांजरांच्या मनगटाच्या आणि घोट्याच्या लिगामेंट दुखापती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंचावरून उडी मारल्यावर, गाडीची धडक बसल्यावर किंवा जाळीत पाय अडकल्यावर जनावर लंगडू लागले की पहिला प्रश्न असतो, “हाड तर मोडले नाही ना?” एक्स-रेत हाड शाबूत दिसले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मनगट आणि घोट्याच्या बाबतीत हा दिलासा पुष्कळदा घाईचा ठरतो. मोडलेले हाड नव्या हाडाने सांधते. तुटलेले लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी चिवट पट्टी, मात्र सैल, भार पडताच ताणला जाणाऱ्या व्रणाने भरून येते. पुढची माहिती पाळणाऱ्यांसाठी आहे. शस्त्रक्रियेचे तपशील नव्या पशुवैद्यांनाही उपयोगी पडतील.

मनगट आणि घोटा म्हणजे नेमके कोणते सांधे?

पुढच्या पायात पंजाच्या लगेच वर असते ते मनगट, म्हणजे कार्पस. गाय-बैलाच्या पुढच्या पायाचा “गुडघा” म्हणतात तो हाच सांधा. कुत्र्याच्या मनगटात सात छोटी हाडे दोन ओळींत बसलेली असतात आणि सांध्याचे तीन मजले होतात. वाकण्याची बहुतेक हालचाल सर्वांत वरच्या मजल्यावर होते. खालचे दोन जवळजवळ हलतच नाहीत. मागच्या पायात टाचेचे टोक मागे निघालेले दिसते तो घोटा, म्हणजे टार्सस किंवा हॉक. तिथेही सात हाडे आणि असेच मजले असतात. या दोन्ही ठिकाणी मांसाचे आवरण नसते. कातडी, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि लिगामेंट एवढ्यावरच सांधा उभा असतो.

लिगामेंट तुटल्याचे कसे ओळखावे?

निरोगी कुत्रा उभा असताना पुढचे मनगट सरळ रेषेच्या पलीकडे साधारण १०–१२ अंश मागे झुकलेले असते. तळव्याच्या बाजूचे लिगामेंट आणि तिथली जाड तंतुमय कूर्चा फाटली की हा कोन वाढतो. जास्त फाटले असेल तर मनगटामागची छोटी गादीच जमिनीला टेकते आणि कुत्रा सपाट पंज्यावर चालतो. कडेचे लिगामेंट तुटले तर पंजा बाहेर किंवा आत झुकतो.

फसवणूक होते ती दुखण्यामुळे. पहिले काही दिवस सूज असते, पाय उचललेला असतो. दहा-पंधरा दिवसांत सूज उतरते, कुत्रा पाय टेकू लागतो आणि घरच्यांना बरे वाटते. त्याच वेळी मनगट आणखी खाली बसत जाते. लंगडणे कमी झाले का, यापेक्षा पाय खचतो आहे का, हे पाहा. कुत्रा सपाट जमिनीवर उभा असताना मोबाईल त्याच्या मनगटाच्या उंचीवर धरून बाजूने फोटो काढा, दोन्ही पायांचा. दर आठवड्याला तसाच फोटो काढलात तर बदल लगेच कळतो.

एक्स-रे नॉर्मल आला. मग प्रश्न संपला ना?

नाही. टेबलावर आडव्या जनावराच्या पायावर भार नसतो, त्यामुळे तुटलेल्या लिगामेंटचा सांधाही जागच्या जागी दिसू शकतो. निदान होते ते स्ट्रेस एक्स-रेत. त्यासाठी जनावराला गुंगी किंवा भूल देतात, कारण दुखत असताना स्नायू ताठ धरले तर सैलपणा झाकला जातो. मग पंज्याला आणि वरच्या भागाला पट्टी किंवा दोरी बांधून सांधा मागे, आत आणि बाहेर अशा दिशांना ताणतात आणि प्रत्येक ताणात चित्र घेतात. धरणाऱ्याचे हात किरणांच्या पट्ट्यात येता कामा नयेत. दुसऱ्या, चांगल्या पायाची तशीच चित्रे घ्यावीत. काही जनावरांचे सांधे मुळातच सैल असतात. तुलनेशिवाय तिथे चूक होते.

सांध्याचा कोणता मजला उघडतो हे या चित्रांतून कळले पाहिजे, कारण पुढची शस्त्रक्रिया त्यावरच ठरते. “मनगटाला इजा” एवढाच शेरा असलेला रिपोर्ट अपुरा समजावा. लिगामेंट ओढून हाडाचा कपचा निघाला आहे का, हे पाहायला तिरक्या कोनातली चित्रेही लागतात.

पहिल्या काही तासांत घरी काय करावे, काय टाळावे?

हिंडणे बंद करा. जखम नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावा. जखम उघडी असेल तर स्वच्छ सलाईनमध्ये भिजवलेला गॉज किंवा धुतलेले सुती कापड वर ठेवून सैल बांधा. हळद, चहापूड, कॉफी, राख यांतले काहीही भरू नका. उघड्या सांध्यात गेलेला प्रत्येक कण नंतर भुलीखाली वेचून काढावा लागतो. काठ्यांच्या खपच्या करकचून बांधू नका. चुकीची खपची मनगटाखालचा रक्तपुरवठा तोडते, आणि ते नुकसान मूळ दुखापतीपेक्षा मोठे असते.

माणसांची वेदनाशामके देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, मूत्रपिंडे निकामी करतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, पण कुत्र्यासाठीही ते तितकेच वाईट आहे. कुत्र्यांत सहसा मेलॉक्सिकॅम वापरतात : पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम, तेही पाणी पीत असलेल्या, उलट्या नसलेल्या जनावराला आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. त्यासोबत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडे कधीही नकोत.

महिना-दीड महिना प्लास्टर किंवा स्प्लिंट घातले तर भरून येणार नाही का?

दुखापत कोणत्या दर्जाची आणि कोणत्या बाजूची, यावर ते ठरते. पहिल्या दर्जात थोडेच तंतू ताणलेले असतात, सांधा घट्ट असतो. तिथे दोन-तीन आठवडे बँडेज आणि विश्रांती पुरते. दुसऱ्या दर्जात लिगामेंट अर्धवट फाटते. चार ते सहा आठवडे स्प्लिंट देऊन पाहता येते. कडेच्या लिगामेंटच्या अशा दुखापती बऱ्याचदा भरून येतात.

तिसऱ्या दर्जात, विशेषतः मनगटाच्या तळव्याच्या बाजूचा आधार पूर्ण फाटला असेल तर, स्प्लिंट जवळजवळ नेहमीच अपयशी ठरते. प्रत्येक पावलाला शरीराचा भार याच बाजूने सांधा उघडू पाहतो. स्प्लिंट असेतोवर पाय सरळ दिसतो. ते काढल्यावर काही दिवसांत व्रण ताणला जातो आणि मनगट पुन्हा खाली बसते. दरम्यान सहा आठवडे गेलेले असतात, कातडीला घट्टे पडलेले असतात, स्नायू सुकलेले असतात. म्हणून स्ट्रेस एक्स-रे स्प्लिंट घालण्यापूर्वी झाला पाहिजे. “आधी स्प्लिंट घालून बघू” ही सावधगिरी वाटते, पण या एका दुखापतीत तिची किंमत जनावर मोजते.

मनगट “जोडून टाकण्याची” शस्त्रक्रिया म्हणजे काय?

तिला आर्थ्रोडेसिस म्हणतात. हलणारा सांधा कायमचा हाडाने पक्का करतात. वरचा मजलाही गेला असेल तर तिन्ही मजले जोडतात. फक्त खालचे दोन गेले असतील आणि वरचा स्ट्रेस एक्स-रेत घट्ट असेल, तर फक्त खालचे जोडून वरची हालचाल वाचवता येते.

यश तीन गोष्टींवर असते. पहिली, कूर्चा. जोडायच्या प्रत्येक पृष्ठभागावरची कूर्चा बरने, म्हणजे घासून काढणाऱ्या फिरत्या हत्याराने, पूर्ण काढून खालचे रक्ताळ हाड उघडे करावे लागते. कोपऱ्यात कूर्चा राहिली तर तिथे हाड जुळत नाही. प्लेट महिनोन्‌महिने एकटी भार सोसते आणि शेवटी स्क्रू सैल होतात. दुसरी, जाळीदार हाडाचा भराव. तो सहसा त्याच जनावराच्या खांद्याजवळून, ह्युमरसच्या वरच्या टोकातून काढतात. तिसरी, धातूची प्लेट. ती रेडियसपासून (मनगटाच्या वरचे मुख्य हाड) मनगटावरून तिसऱ्या मेटाकार्पल हाडापर्यंत (मनगटाखालचे पंज्याचे लांब हाड) जाते. मध्यम-मोठ्या कुत्र्यात वर ३.५ आणि खाली २.७ मिलिमीटरचे स्क्रू घेणारी हायब्रिड प्लेट सोयीची. रेडियसमध्ये आणि मेटाकार्पलमध्ये किमान तीन-तीन स्क्रू, मधल्या रेडियल कार्पल हाडात एक. मेटाकार्पलच्या निम्म्याहून जास्त लांबीवर प्लेट पोहोचली पाहिजे, आणि तिथल्या स्क्रूची जाडी हाडाच्या जाडीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको. हे पाळले नाही तर प्लेटच्या टोकाशी मेटाकार्पल मोडते. सांधा १०–१२ अंश मागे झुकलेल्या, म्हणजे नैसर्गिक उभ्या कोनात पक्का करतात. पंजा आत-बाहेर फिरलेला राहू नये, यासाठी शेवटचे स्क्रू घट्ट करण्याआधी भुलीखालचा पाय एकदा समोरून पाहणे फार महत्त्वाचे आहे.

प्लेट पुढच्या बाजूने बसवतात, कारण तिथून पोहोचणे सोपे जाते. भाराच्या दृष्टीने मात्र ती चुकीची बाजू आहे. सांधा उघडतो तो तळव्याच्या बाजूने. म्हणून शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः वजनदार कुत्र्यात, सहा ते आठ आठवडे स्प्लिंटचा आधार देण्याची पद्धत आहे. सेफाझोलिन हे प्रतिजैविक किलोमागे २२ मिलिग्रॅम शिरेतून, चीर देण्याच्या साधारण अर्धा तास आधी द्यावे आणि शस्त्रक्रिया लांबली तर दर ९० मिनिटांनी पुन्हा द्यावे.

जोडलेल्या मनगटाने कुत्रा नीट चालेल का?

बहुतेक कुत्रे वेदनेशिवाय चालतात, पळतात. पाय बाजूने थोडा फिरवत टाकण्याची सवय राहू शकते. मांजरांना चढणे, पंज्याने धरणे थोडे अवघड जाते. सांधा हलत नाही, पण खचतही नाही, दुखतही नाही. खचलेल्या, दुखऱ्या मनगटापेक्षा हे आयुष्य कितीतरी सुखाचे असते.

घोट्याच्या कडेचे लिगामेंट तुटल्यास काय करतात?

कुत्र्याच्या घोट्याला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे, लांब आणि आखूड अशी दोन-दोन लिगामेंट असतात. लांब भाग पाय सरळ असताना ताणलेला असतो, आखूड भाग पाय वाकवल्यावर. म्हणून तपासणी दोन्ही स्थितींत हवी. फक्त सरळ पायात तपासले तर आखूड भागाचे तुटणे निसटते.

टोके शिवता आली तर शिवतात. बहुतेकदा ती केरसुणीसारखी पिंजलेली असतात आणि कृत्रिम आधार लागतो. मॅलिओलसमध्ये, म्हणजे घोट्याच्या कडेच्या हाडाच्या उंचवट्यात, एक आणि खालच्या टार्सल हाडांत दोन स्क्रू किंवा अँकर बसवून न विरघळणारा जाड धागा इंग्रजी आठच्या आकारात फिरवतात, म्हणजे लांब व आखूड दोन्ही भागांची जागा भरते. गाठ मारताना घोटा उभ्या कोनात धरावा. पाय पूर्ण सरळ ठेवून घट्ट केला तर नंतर तो वाकत नाही. मॅलिओलसच तुटला असेल तर पिन आणि टेन्शन बँड तार, म्हणजे तुटलेला भाग ओढून धरणारी तार. नंतर चार ते सहा आठवडे आधार.

मागचा पाय टाचेवर टेकत चालतो. हेही लिगामेंटच का?

तीन वेगळ्या गोष्टी इथे एकमेकींत मिसळतात.

टाचेखालचे लांब प्लांटर लिगामेंट गेले असेल तर टाचेच्या हाडाखाली पाय मोडल्यासारखा वाकतो आणि सूज मागच्या बाजूला येते. शेटलंड शीपडॉग आणि कॉली या जातींत हे मोठ्या धक्क्याशिवाय, हळूहळू झिजूनही होते, कधी दोन्ही पायांत. यावर स्प्लिंट चालत नाही. टाचेचे हाड आणि चौथे टार्सल हाड एकमेकांशी पक्के करतात, पिन आणि टेन्शन बँड तारेने किंवा बाहेरच्या बाजूने प्लेट लावून. वरचा मुख्य सांधा मोकळा राहतो, त्यामुळे चाल जवळजवळ पूर्ववत होते. घोट्याच्या शस्त्रक्रियांत ही सर्वांत समाधान देणारी.

अकिलीस टेंडन तुटले असेल तर गुडघा सरळ ठेवूनही घोटा वाकवता येतो, एरवी ते शक्य नसते. अर्धवट तुटले असेल तर बोटे खाली वळलेली दिसतात. याचा इलाज टेंडन शिवण्याचा आहे.

मांजर दोन्ही टाचांवर चालू लागले आणि मार लागलेला नाही, तर आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेहात नसा दुबळ्या होऊन असे होते.

गाडीने फरफटत नेले, घोट्याची एक बाजू घासून हाड उघडे पडले. पाय कापावा लागेल का?

सहसा नाही. जखम भयानक दिसते, पण या जखमांचा शेवट बऱ्याचदा चांगला होतो. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाय घासला जातो. कातडी, कडेचे लिगामेंट आणि कधी मॅलिओलसही निघून जातो. आतली बाजू जास्त वेळा जाते.

पहिल्या दिवशी सर्वांत मोठे काम धुण्याचे. रिंगर लॅक्टेट किंवा सलाईन, किमान एक-दोन लिटर, १८ गेजची सुई आणि २० मिलिलिटरच्या सिरिंजने. किंवा बाटलीऐवजी पिशवी घेऊन तिला ३०० मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाचा प्रेशर कफ लावावा, त्याने धार एकसारखी येते. मेलेले ऊतक कापायचे, पण शंका असेल ते पहिल्या दिवशी ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचे. नंतर जखमेवर ओलसर गॉजचे ड्रेसिंग, रोज बदलून. पाच-सात दिवसांत लालसर दाणेदार ऊतक चढू लागले की न चिकटणारे ड्रेसिंग, दोन-तीन दिवसांनी.

या काळात सांधा स्थिर हवा, आणि जखमेवर स्प्लिंट रोज काढता-घालता येत नाही. म्हणून सांध्यावरून जाणारा बाहेरचा फिक्सेटर, म्हणजे हाडांतल्या पिना आणि बाहेरची दांडी, सहा ते आठ आठवडे लावतात. जखम भरताना तयार होणारा जाड व्रणच कडेच्या लिगामेंटचे काम करू लागतो. व्रण मनगटाच्या तळव्याकडे पुरत नाही आणि इथे पुरतो, कारण कडेच्या बाजूवर प्रत्येक पावलाचा पूर्ण भार येत नाही. कृत्रिम लिगामेंट बसवायचेच असेल तर जखम स्वच्छ झाल्यावर आणि एकपदरी धाग्याने. विणलेल्या धाग्यात जंतू घर करतात.

सांधाच वाचण्यासारखा नसेल तर घोटा पूर्ण जोडतात, कुत्र्यात साधारण १३५–१४५ अंशांत, मांजरात ११५–१२५ अंशांत. यातली दगा देणारी गुंतागुंत म्हणजे तळव्याकडचे ऊतक मरणे. शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दुखावली, सूज आली आणि वरून बँडेज घट्ट झाले की बोटे थंड पडतात, रंग काळवंडतो, वास येतो. तसे दिसताच त्याच दिवशी बँडेज उघडावे.

बँडेज-स्प्लिंटची काळजी कशी घ्यावी?

या दुखापतींत बँडेजमुळे होणारे नुकसान टाळता येण्यासारखे असते, तरी ते फार वेळा दिसते. मधल्या दोन बोटांची नखे बाहेर दिसतील असे बँडेज बांधून घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाहा : ती नखे एकमेकांजवळ आहेत की फाकली आहेत? फाकली तर पंजा सुजतो आहे. बोटे गरम, कोरडी हवीत. वास, ओल, बँडेज खाली सरकणे, कुत्र्याने अचानक चावायला लागणे, यांतले काहीही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. “चावतो म्हणून कॉलर घाला” एवढ्यावर भागवू नये. तो चावतो कारण बऱ्याचदा आत खरेच लागत असते.

पावसाळ्यात बाहेर नेताना पंज्यावर रिकामी सलाईनची पिशवी कापून बांधा आणि घरात येताच काढा. ती तासन्‌तास राहिली तर आतल्या घामानेच कातडी कुजते. बँडेज भिजले तर केसांच्या ड्रायरने वाळवून चालत नाही, बदलावेच लागते. एरवी आठवड्यातून एकदा बदल. मनगटामागचे टोकदार हाड, अंगठ्याचे नख, घोट्याची दोन्ही मॅलिओलस आणि टाचेचे टोक इथे घट्टे पडतात. त्या उंचवट्यावर कापूस वाढवू नये, त्याने दाब वाढतो. उंचवट्याभोवती मेदूवड्यासारखे कडे करून मध्ये पोकळी ठेवावी. कारवान, मुधोळ, ग्रेहाउंड अशा पातळ कातडीच्या कुत्र्यांना तर पहिल्या आठवड्यात दोनदा उघडून पाहणे चांगले.

तीन महिन्यांच्या पिल्लाचे मनगट सपाट झाले आहे. शस्त्रक्रिया?

नाही, आणि स्प्लिंटही नाही. साधारण दीड ते चार महिन्यांच्या, भरभर वाढणाऱ्या मोठ्या जातींच्या पिल्लांत लिगामेंट आणि स्नायू तात्पुरते सैल पडतात. संतुलित पपी-फूड द्या, वरून कॅल्शियमचे टॉनिक ओतू नका, आणि गुळगुळीत टाइल्सऐवजी माती, गवत किंवा रबरी चटईवर फिरवा. काही आठवड्यांत पाय उभे राहतात. स्प्लिंट घातले तर स्नायू आणखी दुबळे होऊन उलट परिणाम होतो.

मार लागला नाही, तरी दोन्ही मनगटे सुजून सैल झाली आहेत. असे कसे?

सांध्यांचा दाह असण्याची शक्यता मोठी. रोगप्रतिकार यंत्रणेच्या आजारांत अनेक सांधे, त्यातही मनगट आणि घोटे, सुजतात. पुढे लिगामेंट विरघळल्यासारखे दुबळे होतात. आपल्याकडे गोचीड-ताप, एर्लिकिया, हे एक कारण लक्षात ठेवावे. सांध्यातले पाणी सुईने काढून तपासल्याशिवाय शस्त्रक्रियेचा विचार करू नका.

मांजर गॅलरीतून पडले, पुढचे पाय सुजले आहेत. आधी काय?

आधी श्वास, मग पाय. उंचावरून पडलेल्या मांजराला छातीत हवा भरणे, फुप्फुसाला मार, टाळू चिरणे हे पायाच्या जोडीने होते. छातीचा एक्स-रे झाल्याशिवाय पायासाठी भूल देऊ नये. पाय एक-दोन दिवस थांबू शकतो.

चालणे कधी सुरू करावे?

हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत, म्हणजे सहसा सहा ते आठ आठवडे, फक्त शी-शूसाठी पट्ट्यावर पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. सोफा, जिना, दुचाकीच्या पायदानावर उडी बंद. त्यानंतर दर आठवड्याला प्रत्येक फेरी पाच मिनिटांनी वाढवा. पोहणे टाके भरल्यावर आणि फिक्सेटर निघाल्यावरच. या काळात आहार कमी करा. बसून वाढलेले वजन थेट प्लेटवर येते.

प्लेट नंतर काढावी लागते का?

त्रास नसेल तर नाही. मनगटावर कातडी पातळ असल्याने कधी खालचा स्क्रू टोचतो, कुत्रा ती जागा सतत चाटतो किंवा संसर्ग राहतो. हाड पूर्ण जुळले असेल तर मग काढतात.

महाराष्ट्रात कुठे दाखवावे, आणि जाताना काय न्यावे?

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, नागपूर, परभणी आणि उदगीरची पशुवैद्यकीय महाविद्यालये येथे शस्त्रक्रिया विभाग आहेत; मोठ्या शहरांत खासगी अस्थिशल्यचिकित्सकही आहेत. डॉक्टरांना विचारा : कोणता मजला उघडतो आहे, स्ट्रेस एक्स-रे केला का, नंतरची बँडेज कोण बदलणार. सगळे जुने एक्स-रे मूळ स्वरूपात न्या, मोबाईलवर टिपलेली त्यांची तिरकी छायाचित्रे मोजमापाला चालत नाहीत. दिलेल्या औषधांची नावे आणि शेवटचा डोस कधी दिला ते लिहून ठेवा. त्याच दिवशी भूल लागू शकते, म्हणून वाढ पूर्ण झालेल्या जनावराला सहा ते आठ तास खाणे देऊ नका. पाणी निघेपर्यंत चालेल. पिल्लू किंवा मधुमेही जनावर असेल तर उपाशी ठेवण्याआधी फोन करून विचारा.